पितृत्वाचा वाद आणि मुलाची पोटगी: चाचणी कधी मागावी, कशी करावी आणि तोवर मुलाचे काय

पोटगीच्या अर्जावर दाखल झालेल्या लेखी म्हणण्यात ‘सदर अपत्य माझे नाही’ असे एक वाक्य आले की खटल्याचा सगळा रोख बदलतो. तोवर प्रश्न शाळेच्या फीचा, दुधाचा, औषधांचा आणि घरभाड्याचा असतो. त्या वाक्यानंतर तो आईच्या चारित्र्याचा, वडिलांच्या फसवणुकीचा आणि मुलाच्या ओळखीचा होतो. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे डीएनए चाचणी. पुरुषाला वाटते की एका अहवालाने आपली सुटका होईल, आणि पुष्कळदा स्त्रीलाही वाटते की एका अहवालाने आपल्यावरचा आळ पुसला जाईल. मात्र भारतीय न्यायालये ही चाचणी मागितल्याबरोबर देत नाहीत, आणि त्यामागची कारणे समजून घेतल्याशिवाय या वाटेवर पाऊल टाकणे कोणाच्याही हिताचे नाही.

हा लेख तीन वाचकांसाठी आहे: मुलासाठी पोटगी मागणारी आई, ज्याच्यावर पोटगीची जबाबदारी टाकली जात आहे आणि ज्याला पितृत्वाबद्दल खरोखर शंका आहे असा पुरुष, आणि या दोघांना मदत करणारे नातेवाईक किंवा कार्यकर्ते. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. जे मूल आपले नाही हे न्यायालयात सिद्ध झाले आहे, त्याचा खर्च कोणावर लादला जाऊ नये, हे न्याय्य आहे. परंतु मोठ्यांचा वाद सुटेपर्यंत मुलाला उपाशी ठेवू नये आणि निव्वळ संशयापोटी त्याच्या जन्मावर शिक्का मारू नये, हेही तितकेच न्याय्य आहे. पुढच्या पायऱ्यांचा क्रम या दोन्ही गोष्टी सांभाळूनच लावलेला आहे.

पहिली पायरी: आपला वाद कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवा

सगळे पितृत्वाचे वाद सारखे नसतात. मूल वैध विवाह चालू असताना जन्मले आहे का, हा पहिला प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून असते.

मूल वैध विवाह टिकून असताना जन्मले असेल, किंवा विवाह संपुष्टात आल्यानंतर २८० दिवसांच्या आत जन्मले असेल आणि दरम्यान आईने पुनर्विवाह केलेला नसेल, तर ते त्या पतीचेच औरस अपत्य आहे असे कायदा निर्णायकपणे मानतो. हा नियम १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२मध्ये होता आणि १ जुलै २०२४पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६मध्ये आहे. यातील ‘निर्णायक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे गृहीतक मोडण्याचा एकच मार्ग कायद्याने ठेवला आहे: गर्भधारणा ज्या काळात होऊ शकली असती, त्या संपूर्ण काळात पती-पत्नींचा एकमेकांशी संपर्क होऊच शकत नव्हता, हे सिद्ध करणे.

आई अविवाहित असेल, तर हे गृहीतक लागू होत नाही. त्या वेळी पितृत्व सिद्ध करण्याचा भार पोटगी मागणाऱ्या बाजूवर येतो आणि डीएनए चाचणी हा बहुधा सर्वांत प्रभावी पुरावा ठरतो. भारतात डीएनएचा पुरावा सुरुवातीच्या काळात ज्या खटल्यांतून न्यायालयासमोर आला, त्यातील एक खटला याच प्रकारचा होता. केरळमधील तलश्शेरी येथे एका मुलाच्या पोटगीच्या वादात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे लालजी सिंह यांनी साक्ष दिली, आणि १९९१मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला.

तिसरा प्रकार अवैध किंवा रद्द ठरवण्याजोग्या विवाहाचा आहे. उदाहरणार्थ, पहिली पत्नी हयात असताना झालेले दुसरे लग्न. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६मुळे अशा विवाहातून जन्मलेले मूल औरसच मानले जाते. पोटगीच्या दृष्टीने तर औरस आणि अनौरस हा भेद मुळातच गैरलागू आहे, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, दोन्ही प्रकारच्या मुलांना सारखाच हक्क देते. हे कलम धर्म पाहत नाही आणि ते गोव्यातही लागू आहे.

चौथा प्रकार अलीकडे वाढला आहे. पती-पत्नींनी संमतीने दात्याचे शुक्राणू वापरून उपचार घेतले असतील, तर २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार ते मूल त्या दाम्पत्याचेच जैविक अपत्य मानले जाते. अशा मुलाची चाचणी केली तर ती जुळणार नाही, हे आधीच ठाऊक असते. पण त्या न जुळण्याला कायद्यात अर्थ नाही. संमतीपत्रावर सही करून पुढे वेगळे झाल्यावर ‘मूल माझ्या रक्ताचे नाही’ असे म्हणणारा पिता पोटगीतून सुटत नाही.

दुसरी पायरी: तारखांचा हिशेब कागदावर मांडा

वकिलाकडे जाण्यापूर्वी हे काम घरी करता येते, आणि निम्मे संशय याच टप्प्यावर मिटतात. वैद्यकीय व्यवहारात गरोदरपणाचे ४० आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जन्मतारखेपासून सुमारे २६६ दिवस मागे गेले की गर्भधारणेचा अंदाजे दिवस मिळतो. समजा, बाळाचा जन्म १० मार्च २०२४ रोजी झाला आहे. तर गर्भधारणा १८ जून २०२३च्या आसपास झाली असावी. त्याच्या मागे-पुढे दोन आठवड्यांची मुभा ठेवावी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर हा हिशेब बदलतो आणि येथेच पुष्कळ घरांत अनर्थ होतो. लग्नाला आठ महिने झाले असताना बाळ जन्मले म्हणून कुजबुज सुरू होते आणि बाळाचे वजन, डिस्चार्ज कार्ड किंवा सोनोग्राफीचा कागद कोणी उघडूनही पाहत नाही. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी गर्भाचे वय काही दिवसांच्या फरकाने सांगते. तो कागद जपून ठेवावा.

त्यानंतर त्या काळात दोघे कोठे होते, हे पुराव्यानिशी मांडावे. ‘संपर्क नव्हता’ याचा कायद्यातील अर्थ ‘शरीरसंबंध आला नाही’ एवढाच नसून ‘संबंध येण्याची संधीच नव्हती’ असा आहे. नवरा-बायको एका घरात राहत होते, पण बोलत नव्हते, हे पुरेसे नाही. रत्नागिरीचा खलाशी त्या काळात जहाजावर होता आणि त्याच्या नोंदवहीत चढल्या-उतरल्याच्या तारखा आहेत. साताऱ्याचा जवान सीमेवर होता आणि त्याच्या युनिटमध्ये रजेची नोंद आहे. कोणी आखाती देशात नोकरीला होता आणि पासपोर्टवर शिक्के आहेत. कोणी तुरुंगात होता: असे कागद असतील, तर दाव्याला पाया मिळतो. दुसरीकडे, त्या चार-पाच आठवड्यांत तो दोन दिवसांसाठी जरी गणपतीला गावी येऊन गेला असेल, तर ‘संपर्क नव्हता’ हे म्हणणे टिकणे अवघड आहे. आईनेही याच हिशेबाने आपले कागद जमवावेत: एकत्र प्रवासाची तिकिटे, त्या काळातील छायाचित्रे, फोनवरील संदेश, प्रसूतिपूर्व तपासणीच्या कार्डावरील पतीचे नाव आणि प्रसूतीच्या वेळी दवाखान्यात त्याने केलेली सही.

तिसरी पायरी: मुलाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज आधी चालवा

ही पायरी मुद्दाम चाचणीच्या आधी ठेवली आहे. पितृत्वाचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. मूल मात्र दर महिन्याला जेवते आणि दर जूनला वरच्या वर्गात जाते.

जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे अर्ज त्या न्यायालयात, आणि नसेल तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पुरुष जेथे आहे, पुरुष किंवा त्याची पत्नी जेथे राहते, किंवा तो पत्नीसोबत अथवा अनौरस मुलाच्या आईसोबत शेवटचा जेथे राहिला, अशा ठिकाणी अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. परंतु तारीख मागणाऱ्या समोरच्या बाजूला या तरतुदीची आठवण लेखी अर्जाद्वारे करून देता येते आणि ती अवश्य द्यावी.

येथे आईने एक काळजी घ्यावी. पत्नीची पोटगी आणि मुलाची पोटगी या दोन वेगळ्या मागण्या आहेत. त्यांची रक्कम आणि तपशील अर्जात वेगवेगळा लिहावा. पत्नी व्यभिचारात राहत असेल किंवा सबळ कारणाशिवाय पतीसोबत राहण्यास नकार देत असेल, तर तिचा स्वतःचा हक्क जाऊ शकतो. मुलाचा हक्क त्यामुळे जात नाही. दोन्ही रकमा एका आकड्यात मिसळल्या, तर आईवरील आरोपाची झळ मुलाच्या रकमेलाही लागते. मी वाचलेल्या अर्जांत ही चूक वारंवार दिसते आणि तिची किंमत मूल मोजते.

रक्कम ठरवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या, नागपूरहून गेलेल्या खटल्यात सविस्तर निर्देश दिले आहेत. दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च सांगणारे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायचे असते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्या निकालाने स्पष्ट केले. त्यामुळे खटला लांबवून कोणाचा फायदा होऊ नये, अशी व्यवस्था झाली. आई पुरेसे कमावत असेल, तर मुलाचा खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. पुरुषांनी हा मुद्दा अवश्य मांडावा. तो त्यांच्या बाजूचा न्याय्य मुद्दा आहे आणि त्यासाठी पितृत्व नाकारण्याची काहीही गरज नाही. पोटगीचा आकडा जास्त वाटतो म्हणून मूलच नाकारण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये. आकड्याचे भांडण आकड्याच्या पुराव्यानेच लढावे.

पैशांची अडचण असेल, तर स्त्रिया आणि मुले यांना १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याला विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० हा मदत क्रमांकही आहे.

चौथी पायरी: चाचणीचा अर्ज, आणि न्यायालय काय पाहते

आता मुख्य मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये, बंगालमधून आलेल्या एका पोटगीच्याच खटल्यात, पाया घालून दिला. रक्ततपासणीचा आदेश सर्रास देता येणार नाही. केवळ काही सापडते का ते पाहण्यासाठी केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. पतीने आधी संपर्क नसल्याची सकृद्दर्शनी भक्कम बाजू मांडली पाहिजे. चाचणीच्या परिणामी मुलावर अनौरसपणाचा आणि आईवर बदफैलीचा शिक्का बसेल का, याचा विचार न्यायालयाने केला पाहिजे. आणि कोणालाही नमुना देण्याची सक्ती करता येणार नाही, ही त्या निकालातील सूत्रे आजही उद्धृत होतात. २००१मध्ये याच न्यायालयाने असेही म्हटले की पती-पत्नी एकत्र राहत असतील, तर डीएनए अहवालानेदेखील कायद्याचे निर्णायक गृहीतक मोडत नाही. २००३च्या शारदा विरुद्ध धर्मपाल या निकालाने वैवाहिक खटल्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो आणि तो न पाळणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते, हे मान्य केले. २०१०मध्ये ‘या चाचणीशिवाय सत्यापर्यंत पोहोचताच येणार नाही अशी नितांत गरज आहे का’ ही कसोटी आली.

यानंतर २०१४चा, पुन्हा नागपूरकडचाच, निकाल येतो, आणि पोटगी नाकारू पाहणाऱ्या बहुतेकांच्या हाती याच निकालाची प्रत असते. त्या खटल्यात चाचणी झाली, आईने आक्षेप घेतल्यावर हैदराबादला फेरचाचणी झाली, आणि दोन्हींत पती त्या मुलीचा जैविक पिता नसल्याचे दिसले. विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य समोर असताना कायद्याच्या गृहीतकाला चिकटून राहता येणार नाही आणि जो पिता नाही त्याच्यावर पितृत्वाचे ओझे लादता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलीच्या पोटगीच्या जबाबदारीतून त्याला मुक्त केले. त्याच वेळी, आधी दिलेली रक्कम परत घेता येणार नाही, असेही सांगितले. या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा: अहवाल कायदेशीर मार्गाने आधीच नोंदीवर आलेला असताना काय करायचे, हे तो सांगतो. चाचणीचा आदेश मिळवण्याची पात्रता तो सैल करत नाही. अनेक अर्ज येथेच फसतात.

फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक अधिक ठळक केला. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने दिलेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेला एका मुलाच्या डीएनए चाचणीचा आदेश त्याने रद्द केला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायचा असेल, तर त्यासाठी इतर पुरावे द्यावेत. त्या भांडणात पक्षकार नसलेल्या मुलाच्या शरीरातून पुरावा काढू नये, आणि आईने मुलाची चाचणी नाकारली म्हणून मुलाच्या औरसपणाविरुद्ध अनुमान काढता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. या निकालाचे मला फार मोल वाटते, कारण चाचणीच्या अर्जावर सही नसलेली एकमेव व्यक्ती मूल असते आणि निकालाचे परिणाम आयुष्यभर तेच वागवते.

उलट बाजूचे उदाहरण जानेवारी २०२५चे आहे. केरळमधील एका तरुणाने, आपल्या जन्माच्या वेळी आईचा विवाह दुसऱ्याशी झालेला असतानाही, तिसऱ्याच पुरुषाला आपला जैविक पिता म्हणत त्याच्याकडून पोटगी मागितली होती. विवाह टिकून होता आणि पती-पत्नींचा संपर्क होता, म्हणून औरसपणाचे गृहीतक कायम राहते आणि तिसऱ्या व्यक्तीला चाचणीस भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नारायण दत्त तिवारी यांच्या २०१२मधील गाजलेल्या चाचणीचा दाखला देऊन अनेक जण असे अर्ज करतात; परंतु तो खटला पोटगीचा नव्हता आणि २०२५च्या निकालानंतर विवाहात जन्मलेल्या मुलाने दुसऱ्या पुरुषाविरुद्ध चाचणी मिळवणे अधिक कठीण झाले आहे.

तेव्हा अर्ज करायचाच असेल, तर तो असा असावा. तो मुख्य म्हणण्याशी सुसंगत असावा. म्हणण्यात पितृत्व नाकारलेले नसताना दोन वर्षांनी अचानक आलेला अर्ज संशयास्पद ठरतो. दुसऱ्या पायरीतील तारखांचा तक्ता आणि संपर्क नसल्याचे कागद सोबत जोडावेत. चाचणीशिवाय हा प्रश्न का सुटू शकत नाही, हे स्वतंत्र परिच्छेदात लिहावे. आईच्या चारित्र्यावर विशेषणे लिहू नयेत. त्यांनी बाजू मजबूत होत नाही आणि तो कागद पुढे कधीतरी मुलाच्या हाती पडतो. सुनावणी बंद दालनात व्हावी, अशी विनंतीही करावी. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ११नुसार एका पक्षकाराने तशी इच्छा व्यक्त केली, तर न्यायालयाला ती मान्य करावी लागते.

ज्या आईला असा अर्ज आला आहे, तिने घाबरून लगेच होकार किंवा नकार देऊ नये. विवाहातील मुलाच्या बाबतीत तिला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते वापरण्यात लपवाछपवीसारखे काही नाही. मात्र मूल त्याच पुरुषाचे असल्याची तिला खात्री असेल आणि वाद लवकर संपवणे मुलाच्या हिताचे असेल, तर ती संमती देऊ शकते. त्या वेळी ‘अहवाल जुळल्यास चाचणीचा खर्च आणि थकलेली पोटगी चाचणी मागणाऱ्याने ठरावीक मुदतीत द्यावी’ अशी अट आदेशात घालून घ्यावी. अविवाहित आईने मात्र चाचणीची मागणी स्वतःच, पहिल्याच टप्प्यावर करावी, कारण तेथे पुरुषाने नकार दिल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते.

खासगी प्रयोगशाळेत गुपचूप केलेल्या चाचणीबद्दल स्पष्ट सांगतो: ती करू नये. मुलाच्या टूथब्रशवरून किंवा केसांवरून केलेल्या अशा चाचणीत नमुना नेमका कोणाचा, तो कोणी घेतला आणि वाटेत बदलला नाही ना, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून न्यायालयात तिला फारसे वजन नाही. घरात मात्र तो कागद जे उद्ध्वस्त करायचे ते करून जातो.

पाचवी पायरी: नमुना देणे

न्यायालयाचा आदेश झाला की प्रयोगशाळा, तारीख आणि खर्च कोणी करायचा हे ठरते. मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आणि त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा, तसेच हैदराबादचे डीएनए अंगुलीमुद्रण व निदान केंद्र या ठिकाणी अशा चाचण्या होतात. तिघांचेही, म्हणजे आई, मूल आणि कथित पिता यांचे, नमुने घेतले जावेत असा आग्रह धरावा. आईचा नमुना नसला तरी चाचणी करता येते, पण आईचा वाटा बाजूला काढता आल्याने निष्कर्ष अधिक भक्कम होतो.

नमुना म्हणून थोडे रक्त किंवा गालाच्या आतील बाजूवर कापसाची काडी फिरवून घेतलेल्या पेशी पुरतात. तिघांनी एकाच दिवशी, एकमेकांसमोर नमुने द्यावेत. ओळखपत्रे, छायाचित्रे आणि अंगठ्याचे ठसे नोंदवले जावेत. नमुन्यांवर सील करून त्यावर सह्या घ्याव्यात आणि सीलचा ठसा वेगळ्या कागदावर ठेवावा. ज्याच्या रक्तात नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवले आहे किंवा ज्याचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आहे, त्याने ते आधीच लेखी कळवावे, कारण प्रत्यारोपणानंतर रक्तातील डीएनए दात्याचा असू शकतो. कथित पित्याला जुळा भाऊ असेल किंवा संशय त्याच्याच भावावर असेल, तर तेही प्रयोगशाळेला सांगावे. सख्ख्या भावांचे डीएनए बऱ्याच अंशी सारखे असतात आणि एकरूप जुळ्यांत ही चाचणी फरक करू शकत नाही.

मुलाला काय सांगायचे, याचा विचार आदल्या दिवशी करावा. लहान मुलाला ‘तब्येतीची तपासणी आहे’ एवढे पुरते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र वातावरण कळते. कुटुंब न्यायालयातील समुपदेशकाची मदत घेऊन त्याच्याशी बोलावे, आणि दवाखान्याच्या आवारात दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांची गर्दी जमवू नये.

सहावी पायरी: अहवाल वाचणे

अहवालात एक तक्ता असतो. डीएनएवरील पंधरा ते चोवीस ठरावीक जागा घेऊन प्रत्येक जागी एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा आला आहे, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. मुलाच्या प्रत्येक जागी दोन आकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. उदाहरणार्थ, एका जागी मुलाचे आकडे १४ आणि १७, आईचे १४ आणि १५ असतील, तर १७ वडिलांकडून आला असला पाहिजे. कथित पित्याकडे १७ असेल, तर ती जागा जुळली.

एका जागी न जुळले म्हणून पितृत्व नाकारले जात नाही, कारण पिढी बदलताना क्वचित एखाद्या आकड्यात उत्परिवर्तन होते. सामान्यतः तीन किंवा अधिक जागी विसंगती असेल, तरच ‘पिता नाही’ असा निष्कर्ष काढतात. सर्व जागा जुळल्यास ९९.९९ टक्के किंवा अधिक अशी संभाव्यता लिहिली जाते. ती १०० टक्के का नाही, यावर न्यायालयात वाद घालण्यात अर्थ नाही. ही संख्या मोजण्याची पद्धतच तशी आहे आणि ती रक्ताचे नाते नसलेल्या दुसऱ्या पुरुषाशी तुलना करून काढलेली असते.

रक्तगटावरून निष्कर्ष काढण्याची जुनी सवय सोडून द्यावी. वडिलांचा गट ओ आणि मुलाचा एबी, म्हणजे मूल त्यांचे नाही, असे ठामपणे सांगणारे लोक आहेत. १९५२मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट त्यांना माहीत नसतो. या गटाच्या व्यक्तीचे रक्त साध्या तपासणीत ओ दिसते, पण तिच्याकडे ए किंवा बीचे जनुक असू शकते आणि ते मुलात उतरू शकते. आपल्याच शहराच्या नावाचा हा गट दुर्मीळ असला, तरी घर मोडण्यापूर्वी त्याची शक्यता तपासावी.

अहवाल मान्य नसेल, तर प्रत मिळाल्याबरोबर लेखी आक्षेप द्यावा, तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावून उलटतपासणीची मागणी करावी आणि कारण सबळ असेल, तर दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरचाचणी मागावी.

सातवी पायरी: अहवालानंतरची पोटगी

अहवाल जुळला, तर मुलाच्या पोटगीचा प्रश्न फक्त रकमेचा उरतो. शाळेची पावती, औषधांची बिले, घरभाड्याचा करार, प्रवासाचा खर्च असे महिन्याचे पत्रक आईने द्यावे. वडिलांनी पगाराच्या चिठ्ठ्या, कर्जाचे हप्ते आणि वृद्ध आई-वडिलांचा खर्च मांडावा. कलम १४४खाली मूल, मुलगा असो वा मुलगी, साधारणतः १८ वर्षांचे होईपर्यंत हक्कदार असते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर त्यानंतरही. हिंदू मुलीला १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २०खाली, स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह होत नसल्यास, लग्न होईपर्यंत मागणी करता येते. त्याच कलमाने अनौरस मुलांनाही अल्पवयीन असेपर्यंत आई आणि वडील दोघांकडून निर्वाह मिळतो.

अहवाल जुळला नाही आणि न्यायालयाने तो स्वीकारला, तर जबाबदारी त्या टप्प्यापासून थांबते. आधी दिलेले पैसे परत मागण्याच्या मागे लागू नये, कारण ते मुलाच्या पोटात गेलेले आहेत आणि २०१४च्या निकालानेही ती वाट बंद केली आहे. ज्या माणसाने त्या मुलाला अंगाखांद्यावर खेळवले, शाळेत नेऊन सोडले, त्याने भेटी चालू ठेवायच्या की नाही, हे कायदा ठरवत नाही. त्याला स्वतःहून त्या मुलाच्या शिक्षणासाठी काही द्यावेसे वाटले, तर ते न्यायालयात तडजोडीच्या अर्जात स्पष्ट लिहावे, म्हणजे त्याचा अर्थ पितृत्वाची कबुली असा पुढे कोणी लावणार नाही.

पोटगी देणाऱ्याने प्रत्येक रक्कम बँकेतूनच द्यावी आणि महिना नमूद करावा. रोख दिलेले पैसे सिद्ध करताना दमछाक होते. थकबाकी राहिल्यास आईने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा, कारण त्यापेक्षा जुन्या रकमेसाठी कलम १४४खाली वॉरंट निघत नाही. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण तुरुंगात जाऊन आल्याने ती रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच स्पष्ट केले आहे. नोकरी गेली, आजारपण आले किंवा मुलाचा खर्च वाढला, तर पैसे देणे परस्पर थांबवण्याऐवजी किंवा नुसती तक्रार करण्याऐवजी त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६खाली रकमेत बदल मागणारा अर्ज करावा, आणि त्यावर निकाल होईपर्यंत जुन्या आदेशाची रक्कम दरमहा भरत राहावी.